दाव्यास कारण : पहिला दिवाणी दावा लिहिण्यापूर्वी

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दाखल झालेले मराठी वादपत्र उघडून पाहिले, तर शेवटच्या दोन-तीन परिच्छेदांत एक ठरीव वाक्य हमखास आढळते : ‘दाव्यास कारण, वादीने प्रतिवादीस दि. अमुक रोजी वकिलामार्फत नोटीस दिली व ती मिळूनही प्रतिवादीने रक्कम देण्याचे टाळले तेव्हा, मे. कोर्टाचे स्थळसीमेत घडले आहे.’ वकिलीत नवा आलेला माणूस हे वाक्य पाठ करतो, पक्षकार त्याखाली सही करतो, आणि नोटिशीची तारीख म्हणजेच दाव्याचे कारण असा दोघांचाही समज होऊन बसतो. तो चुकीचा आहे, आणि चूक लक्षात येते ती बहुधा दावा मुदतबाह्य ठरल्यावर. पहिला दावा लिहू पाहणाऱ्या कनिष्ठ वकिलाला आणि आपल्या नावाने काय लिहिले जात आहे हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या पक्षकाराला उपयोगी पडावे, अशा बेताने पुढील मजकूर लिहिला आहे.

कायद्याच्या मराठी अनुवादात ‘वादकारण’ हा शब्द येतो, वादपत्रांत ‘दाव्यास कारण’ लिहिण्याची रूढी आहे, आणि वकिलांच्या खोलीत ‘कॉज ऑफ ॲक्शन’ असेच म्हटले जाते. तिन्हींचा अर्थ एकच. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हा शब्द ठिकठिकाणी वापरते, पण त्याची व्याख्या कोठेही देत नाही. व्याख्या न्यायनिर्णयांतून आली. इंग्लंडमधील ‘रीड विरुद्ध ब्राउन’ या १८८८ च्या निकालात सांगितलेली कसोटी आपल्याकडे आजही उद्धृत होते : प्रतिवादीने नाकारल्यास, आपल्या बाजूने निकाल मिळण्यासाठी वादीला जी जी वस्तुस्थिती सिद्ध करावी लागेल, ती सगळी मिळून वादकारण होते. त्या खटल्यात मालाची विक्री लंडन शहराच्या हद्दीबाहेर झाली होती, मात्र विक्रेत्याने आपले येणे वादीच्या नावे करून दिले ते शहराच्या हद्दीत. येणे आपल्या नावे झाले आहे हे दाखविल्यावाचून वादीला दावाच चालविता आला नसता. म्हणून ते हस्तांतरणही वादकारणाचा भाग ठरले आणि शहराच्या न्यायालयाला अधिकार मिळाला. एखादी घटना वादकारणात मोडते की नाही हा प्रश्न किती व्यवहारी असतो, हे यावरून कळते.

पुढील सर्व पायऱ्यांसाठी एक कल्पित व्यवहार समोर ठेवू. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याने नाशिकच्या एका मसाला कारखानदाराला प्रत्येकी ५० किलोची ६० पोती, म्हणजे ३० क्विंटल हळद, क्विंटलला ८,००० रुपये भावाने विकली. मागणी नाशिकहून फोनवर आली आणि व्यापाऱ्याने ती फोनवरच स्वीकारली. १३ जून २०२२ रोजी सांगलीत माल ट्रकमध्ये भरला, त्याच तारखेचे २,४०,००० रुपयांचे बिल झाले, बिलावर ६० दिवसांची उधारी व त्यानंतर दरसाल १२ टक्के व्याज असे लिहिले होते. माल दोन दिवसांत नाशिकला पोचला. कारखानदाराने ६ जानेवारी २०२३ रोजी ६०,००० रुपयांचा धनादेश दिला व तो वटला. त्यानंतर फोनवर नुसते ‘देतो, देतो’ चालू राहिले. व्यापाऱ्याने १० जुलै २०२५ रोजी नोटीस पाठविली, उत्तर आले नाही, आणि तो नोव्हेंबर २०२५ मध्ये कागदांची पिशवी घेऊन वकिलाकडे आला.

पायरी पहिली : घटना तारखेनिशी उतरवून घ्या

पक्षकार हकिगत सांगताना शेवटच्या भांडणापासून सुरुवात करतो, कारण ते त्याच्या मनात ताजे असते. आपण उलट करावे. कोऱ्या कागदावर डावीकडे तारीख, मध्ये घटना, उजवीकडे ती घटना दाखविणारा कागद, असे तीन रकाने आखून व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासून लिहीत यावे. ज्या घटनेपुढे तारीख नाही तिथे पक्षकाराला पुन्हा विचारावे, आणि ज्या घटनेपुढे कागद नाही तिथे साक्षीदार कोण हे लिहावे. हळदीच्या व्यवहारात हा तक्ता आठ-दहा ओळींत संपतो. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात तो चार-पाच पाने होतो, कारण तिथे वंशावळ, जुने फेरफार आणि कोण कधी वारले याच्या नोंदीही वादकारणात येतात.

या टप्प्यावर कायदा उघडू नये. आधी कलम शोधून मग त्यात घटना बसविण्याची सवय लागली की गैरसोयीची तारीख नजरेआड होते.

पायरी दुसरी : कोणती घटना काढली तर दावा उभा राहत नाही, ते पाहा

आता तक्त्यातील प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारावे : प्रतिवादीने ही गोष्ट नाकारली आणि मला ती सिद्ध करता आली नाही, तर माझा दावा टिकेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती ओळ वादकारणाचा भाग. विक्रीचा करार झाला, भाव ठरला, माल पोचता झाला, उधारीची मुदत संपली, रक्कम मिळाली नाही, यांतील एकही ओळ वगळून चालणार नाही. यांतूनच वादकारणाचे दोन मुख्य अवयवही दिसतात : वादीचा एक हक्क, आणि प्रतिवादीने केलेला त्या हक्काचा भंग. हक्क आहे पण भंग अजून झालेला नाही, तर दावा वेळेआधीचा. भंगाची तक्रार आहे पण हक्क कोठून आला ते लिहिलेले नाही, तर वादकारणच दाखविलेले नाही.

वजनकाट्याची पावती, वाहतुकीची बिल्टी, फोनचा तपशील, हमालाची साक्ष हा पुरावा झाला. संहितेच्या आदेश ६ नियम २ प्रमाणे वादपत्रात महत्त्वाची वस्तुस्थिती लिहायची असते, ती ज्या पुराव्याने सिद्ध होणार तो पुरावा नव्हे. कागद यादीसोबत जोडावेत, पण बिल्टीचे वर्णन म्हणजे माल पोचल्याचे कथन असे मानू नये, ‘माल दि. १५ जून २०२२ रोजी प्रतिवादीच्या कारखान्यात पोचला व त्याने तो विनातक्रार स्वीकारला’ हे स्वतंत्र वाक्य हवेच. कपट, दबाव किंवा विश्वासघात असा आरोप असेल, तर नियम ४ प्रमाणे तारखा व बाबी यांसह तपशील द्यावा लागतो. नुसते ‘प्रतिवादीने वादीची फसवणूक केली’ एवढे लिहून भागत नाही, आणि मराठी वादपत्रांत नेमके तेवढेच लिहिलेले फार वेळा दिसते.

दोन गोष्टी वादकारणाबाहेर ठेवायच्या. पहिली, प्रतिवादीचा बचाव. ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने ‘चांद कौर विरुद्ध प्रताप सिंग’ या १८८८ च्याच निकालात म्हटले की वादकारणाचा प्रतिवादीच्या बचावाशी संबंध नसतो, आणि वादी कोणत्या स्वरूपाची दाद मागतो यावरही ते अवलंबून नसते. कारखानदार उद्या हळदीत भेसळ होती असे म्हणेल. ते त्याला कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, म्हणू द्यावे. दुसरी गोष्ट म्हणजे दाद, म्हणजेच मागणी. मनाई हुकूम, ताबा, नुकसानभरपाई, हक्काचे जाहीरनामे (म्हणजे हक्क असल्याची न्यायालयाची घोषणा) या मागण्या वेगवेगळ्या असल्या तरी त्यांच्यामागचे वादकारण एकच असू शकते. हा मुद्दा पाचव्या पायरीत फार महाग पडतो, म्हणून येथेच मनात पक्का करून ठेवावा.

पायरी तिसरी : कारण केव्हा घडले

आदेश ७ नियम १ च्या खंड (ङ) मध्ये दोन गोष्टी एकत्र मागितल्या आहेत : वादकारण ज्यांतून निर्माण होते ती वस्तुस्थिती, आणि ते केव्हा निर्माण झाले. तारीख हवी आहे ती मुदतीसाठी. मुदतीचा कायदा, १९६३ च्या परिशिष्टात प्रत्येक प्रकारच्या दाव्यापुढे मुदत किती आणि ती कोणत्या क्षणापासून मोजायची हे दिलेले आहे, आणि नवशिक्याने मुदतीच्या रकान्याइतकेच त्या तिसऱ्या रकान्याकडे लक्ष द्यावे. कलम ३ प्रमाणे, प्रतिवादीने मुद्दा काढला नसला तरी मुदतबाह्य दावा फेटाळणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे.

हळदीच्या व्यवहारात उधारीची मुदत ठरलेली होती, म्हणून त्या परिशिष्टातील अनुच्छेद १५ लागू होतो : तीन वर्षे, उधारीची मुदत संपल्यापासून. १३ जून २०२२ पासून ६० दिवस १२ ऑगस्ट २०२२ रोजी संपतात, आणि तीन वर्षे १२ ऑगस्ट २०२५ रोजी. उधारी ठरलेली नसती, तर अनुच्छेद १४ प्रमाणे माल दिल्याच्या तारखेपासून मोजणी झाली असती, म्हणजे मुदत त्याहूनही आधी संपली असती. यात १० जुलै २०२५ ची नोटीस कोठेच येत नाही. पैसे देण्याची जबाबदारी नोटिशीने निर्माण झालेली नव्हती. ती उधारी संपताच मोडली गेली होती. नोटीस देऊन मुदत वाढत असती, तर कोणत्याही धनकोला हवी तेव्हा नोटीस पाठवून तीन वर्षे नव्याने मिळविता आली असती आणि मुदतीच्या कायद्याला अर्थच उरला नसता.

मग नोव्हेंबरमध्ये आलेला व्यापारी रिकाम्या हाताने परत जातो का? नाही, आणि त्याला वाचविणारी घटना तक्त्यात मधेच दडलेली आहे. कलम १९ प्रमाणे, मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने कर्जापोटी अंशतः रक्कम दिली आणि त्या भरण्याची पोच ऋणकोच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लेखात असेल, तर भरण्याच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. सही केलेला, वटलेला धनादेश हा असा लेख म्हणून पुढे करता येतो. म्हणून मुदत ६ जानेवारी २०२६ पर्यंत जाते. हेच साठ हजार रोख दिले असते आणि व्यापाऱ्याने ते केवळ स्वतःच्या खातेवहीत जमा धरले असते, तर त्या नोंदीचा या कामी उपयोग झाला नसता. ‘देतो, देतो’ या तोंडी आश्वासनांचाही होत नाही, कारण कलम १८ ला सहीनिशी लेखी कबुली लागते. आणि आदेश ७ नियम ६ प्रमाणे, मूळ मुदत उलटून गेल्यावर दावा आणताना मुदतीतून सूट कोणत्या आधारे मागत आहोत, हे वादपत्रातच लिहावे लागते. धनादेशाचा उल्लेख केवळ बाकी काढताना आकड्यांत करून थांबणे ही येथली नेहमीची चूक.

काही ठिकाणी नोटीस खरोखरच आवश्यक असते, म्हणून सरसकट नियम करू नये. सरकारविरुद्ध किंवा लोकसेवकाने अधिकारपदावरून केलेल्या कृत्याबद्दल दावा आणायचा तर संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे, थकलेल्या भाड्यासाठी भाडेकरूला काढण्याचा दावा मागणीच्या लेखी नोटिशीनंतर नव्वद दिवस उलटेपर्यंत आणताच येत नाही. अशा दाव्यांत नोटीस दिल्याची व ती मिळाल्याची वस्तुस्थिती वादपत्रात आलीच पाहिजे. थोडक्यात, कायद्याने किंवा कराराने नोटीस अट म्हणून घातली असेल तिथे ती महत्त्वाची. इतरत्र ती सौजन्याची आणि फार तर पुराव्याच्या सोयीची.

जमिनीच्या दाव्यांत तारखेचा घोळ अधिक अवघड होतो. हक्काच्या जाहीरनाम्यासाठी अनुच्छेद ५८ मध्ये तीन वर्षांची मुदत आहे, आणि ती दावा करण्याचा हक्क ‘प्रथम’ निर्माण झाल्यापासून मोजायची आहे. १९०८ च्या जुन्या मुदत कायद्यातील संबंधित अनुच्छेदात ‘प्रथम’ हा शब्द नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ‘खत्री हॉटेल्स’ या २०११ च्या निकालात या शब्दावर भर देऊन सांगितले की हक्क एकापेक्षा अधिक वेळा नाकारला गेला तरी प्रत्येक नकाराने नवी मुदत सुरू होत नाही. म्हणजे भावाने २०१४ मध्ये तहसीलदारासमोर लेखी जबाब देऊन आपला हिस्सा साफ नाकारला असेल आणि आपण त्या वेळी हजर असू, तर २०२४ मध्ये त्याला नोटीस देऊन ‘आता नाकारले’ असे लिहिण्यात अर्थ नाही. ‘दाव्यास कारण प्रथम अमुक तारखेस, व त्यानंतर वेळोवेळी घडले’ ही लाडकी शब्दयोजना म्हणून सावधपणे वापरावी. तिच्यातील पहिलीच तारीख विरोधी वकील उचलून दाखवितो. याउलट मालकी हक्काच्या आधारे ताबा मागताना अनुच्छेद ६५ प्रमाणे, प्रतिवादीचा ताबा वादीच्या हक्काला विरोधी झाल्यापासून बारा वर्षे मिळतात, आणि कलम २२ प्रमाणे चालू राहणाऱ्या करारभंगात किंवा अपकृत्यात, उदाहरणार्थ शेजाऱ्याने वहिवाटीचे पाणी अडवून ठेवले आहे अशा वेळी, भंग चालू असेपर्यंत क्षणोक्षणी नवी मुदत सुरू होत राहते.

गोव्यातील वाचकांसाठी एक बाब जाता जाता. तेथे दिवाणी दाव्यांना पोर्तुगीज नागरी संहितेतील मुदती लागू राहतात की १९६३ चा कायदा, हा वाद पुष्कळ वर्षे चालला होता. सर्वोच्च न्यायालयाने ‘सिंडिकेट बँक विरुद्ध प्रभा नाईक’ या २००१ च्या निकालात १९६३ चा कायदाच लागू होतो असे ठरविले.

पायरी चौथी : कारण कोठे घडले

स्थावर मालमत्तेच्या दाव्यात प्रश्न सोपा असतो : कलम १६ प्रमाणे मालमत्ता जिथे आहे तिथले न्यायालय. पैशाच्या व कराराच्या दाव्यांत कलम २० पर्याय देते. प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, अथवा वादकारण पूर्णतः किंवा अंशतः जिथे निर्माण झाले तिथे दावा आणता येतो. संहितेनेच उदाहरण दिले आहे : कलकत्त्याच्या व्यापाऱ्याकडून दिल्लीच्या माणसाने आपल्या कलकत्त्यातील अडत्यामार्फत माल घेतला आणि तो कलकत्त्यातच रेल्वे कंपनीच्या हवाली झाला, तर किमतीचा दावा कलकत्त्यात किंवा दिल्लीत, कोठेही चालेल.

फोनवर झालेल्या सौद्याचे काय, याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका व्यवहारातून मिळाले आहे. अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी खामगावच्या जिनिंग कारखानदारांकडून सरकी पेंड घेण्याचा सौदा लांब पल्ल्याच्या टेलिफोनवर केला, पेंड आली नाही, आणि दावा अहमदाबादच्या नगर दिवाणी न्यायालयात दाखल झाला. खामगावकरांचे म्हणणे असे की स्वीकृतीचे शब्द आम्ही खामगावात उच्चारले, म्हणून करार खामगावात झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये, एका न्यायमूर्तींच्या भिन्न मतासह, बहुमताने ठरविले की टपालाने होणाऱ्या स्वीकृतीचा नियम टेलिफोनला लागू नाही. स्वीकृती जिथे ऐकू येते तिथे करार होतो. ती अहमदाबादेत ऐकली गेली, म्हणून अहमदाबादच्या न्यायालयाला अधिकार होता.

हाच नियम हळदीच्या व्यवहाराला लावून पाहा. मागणी नाशिकची, स्वीकृती सांगलीच्या व्यापाऱ्याने दिली आणि ती नाशिकमध्ये ऐकली गेली, म्हणजे करार नाशिकमध्ये झाला. ‘करार सांगली येथे झाला’ असे वादपत्रात सवयीने लिहून मोकळे होणाऱ्या वकिलाची येथे पंचाईत होते. मात्र दावा सांगलीत आणायला अडचण नाही, कारण माल सांगलीत ट्रकमध्ये भरून प्रतिवादीसाठी रवाना झाला आणि रक्कम सांगलीच्या पेढीवर द्यायची होती. करारपूर्ती व पैसे देण्याचे ठिकाण हेही वादकारणाचे अंशच आहेत. म्हणून वादपत्रात हेच अंश नेमके लिहावेत.

बिलाच्या तळाशी छापलेली ‘सर्व तंटे सांगली न्यायकक्षेत’ ही ओळही पाहावी. ‘ए. बी. सी. लॅमिनार्ट’ या १९८९ च्या निकालात, गुजरातमधील खेडा (कैरा) येथील न्यायकक्षा सांगणाऱ्या अशाच ओळीत ‘फक्त’ यासारखा शब्द नसल्याने तामिळनाडूतील सेलमच्या न्यायालयाचा अधिकार गेला नाही असे ठरले होते. पुढे ‘स्वस्तिक गॅसेस’ या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की असा शब्द नसला म्हणून फार बिघडत नाही, पक्षांचा हेतू पाहावा. पण ज्या न्यायालयाला मुळातच अधिकार नाही त्याला पक्षांच्या संमतीने तो देता येत नाही, हे बंधन कायम आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, दावा असेल आणि वादकारणाचा केवळ काही भाग मुंबईत घडला असेल, तर लेटर्स पेटंटच्या, म्हणजे त्या न्यायालयाच्या सनदेच्या, खंड १२ खाली परवानगी दावा दाखल होण्याआधी घ्यावी लागते. ती नंतर मागून मिळत नाही.

पायरी पाचवी : एका कारणावरची सगळी मागणी एकदम करा

आदेश २ नियम २ नवशिक्याला निरुपद्रवी वाटतो, आणि अनुभवी वकिलाची झोप उडवितो. एका वादकारणावरून वादीला जेवढे मागता येते तेवढे सगळे एकाच दाव्यात मागितले पाहिजे; काही भाग सोडला, तर त्यासाठी पुन्हा दावा आणता येत नाही. एकाच कारणावर अनेक प्रकारची दाद मिळण्याजोगी असेल, तर न्यायालयाची परवानगी न घेता सोडलेली दादही कायमची जाते. संहितेतील उदाहरण घरभाड्याचे आहे : १९०५, १९०६ आणि १९०७ या तिन्ही वर्षांचे भाडे थकले असता मालकाने १९०८ मध्ये फक्त १९०६ च्या भाड्याचा दावा केला, तर उरलेल्या दोन वर्षांचे भाडे त्याला पुढे मागता येत नाही. हळदीच्या व्यापाऱ्याने आज १,८०,००० रुपये मुद्दल तेवढे मागून व्याजाचा दावा पुढे करू म्हटले, तर हाच प्रसंग ओढवेल.

अधिक नुकसान होते ते साठेखताच्या प्रकरणांत. जागेच्या साठेखतावर इसार दिलेला असतो, मालक दुसऱ्याशी बोलणी करतो आहे असे कानावर येते, आणि घाईने मनाई हुकुमाचा दावा दाखल होतो. खरेदीखत करून मिळण्याचा दावा सावकाश करू, असा विचार असतो. सर्वोच्च न्यायालयाने ‘व्हर्गो इंडस्ट्रीज’ या २०१२ च्या निकालात अशा स्वरूपाच्या प्रकरणात नंतरचा करारपूर्तीचा दावा रोखला, कारण करार पाळण्याचा मालकाचा इरादा नाही हीच वस्तुस्थिती पहिल्या दाव्याच्याही मुळाशी होती. म्हणून मनाईचा तातडीचा दावा लिहितानाच स्वतःला विचारावे : यात मी जे लिहितो आहे, त्याच्याच आधारे मला आज खरेदीखत मागता आले असते का? आले असते, तर ते मागावे, किंवा वेगळा दावा आणण्याची परवानगी त्याच दाव्यात लेखी अर्जाने मागून घ्यावी.

प्रतिवादीच्या बाजूनेही एक सूचना. ही हरकत घ्यायची तर आधीच्या दाव्याचे वादपत्र पुराव्यात दाखल करावे लागते. ‘गुरुबक्ष सिंग विरुद्ध भूरालाल’ या १९६४ च्या निकालाने हे स्पष्ट केले आहे. दोन्ही दाव्यांचे वादकारण एकच आहे की नाही, हे दोन्ही वादपत्रे शेजारी ठेवल्यावाचून ठरविता येत नाही.

पायरी सहावी : मजकूर लिहा

संहितेच्या परिशिष्ट ‘अ’ मध्ये वादपत्रांचे नमुने दिले आहेत, आणि प्रत्येक कनिष्ठ वकिलाने ते एकदा तरी शांतपणे वाचावेत. उसने दिलेल्या पैशाचा नमुना तर अवघ्या काही ओळींचा आहे. त्यात वादकारणाच्या जागी नुसती तारीख न मागता, वादकारण केव्हा घडले व न्यायालयाला अधिकार आहे हे ‘दाखविणारी वस्तुस्थिती’ मागितली आहे. त्या धर्तीवर हळदीच्या दाव्यातील परिच्छेद असा होईल :

‘प्रतिवादीने वादीकडून ३० क्विंटल हळद दर क्विंटल ८,००० रुपये भावाने खरेदी केली. वादीने सदर माल दि. १३/०६/२०२२ रोजी सांगली येथे प्रतिवादीसाठी ट्रकमध्ये भरून रवाना केला व तो दि. १५/०६/२०२२ रोजी प्रतिवादीस मिळाला. उभयतांत ठरल्याप्रमाणे रक्कम ६० दिवसांत, म्हणजे दि. १२/०८/२०२२ पर्यंत, वादीच्या सांगली येथील पेढीवर द्यावयाची होती. प्रतिवादीने ती दिली नाही. दाव्यास कारण त्यामुळे घडले. प्रतिवादीने दि. ०६/०१/२०२३ रोजी स्वतःच्या सहीच्या धनादेशाने ६०,००० रुपये सदर बाकीपोटी दिले असून, मुदतीच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे त्या तारखेपासून नवीन मुदत सुरू झाल्याने प्रस्तुत दावा मुदतीत आहे. माल सांगली येथून रवाना झाला व रक्कम सांगली येथे देय होती, म्हणून दाव्यास कारण अंशतः मे. कोर्टाचे स्थळसीमेत घडले आहे.’

येथे नोटिशीचा उल्लेख स्वतंत्र परिच्छेदात एका ओळीत करता येतो. दाव्याची रक्कम व्याजासह तीन लाखांच्या खाली राहते, हेही सोयीचे. ती त्याहून अधिक असती, तर व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील असा वाद वाणिज्यिक न्यायालय अधिनियमाखाली गेला असता आणि तातडीची दाद मागितलेली नसल्यास दाव्याआधी मध्यस्थी अनिवार्य ठरली असती.

पायरी सातवी : विरोधकाच्या नजरेने वाचा

दाखल करण्याआधी आदेश ७ नियम ११ मनात ठेवून वादपत्र एकदा वाचावे. वादकारण उघड होत नसेल, किंवा वादपत्रातील कथनांवरूनच दावा कायद्याने वर्ज्य दिसत असेल, तर न्यायालय वादपत्रच नामंजूर करू शकते. या टप्प्यावर कैफियत पाहिली जात नाही. ‘सलीम भाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाप्रमाणे वादपत्रातील कथनेच विचारात घ्यायची असतात. वादकारण सिद्ध होते का हा प्रश्न पुराव्यानंतरचा. ते वाचून दिसते का एवढाच प्रश्न येथे असतो. मात्र शब्दांची चतुराई करून कारणाचा आभास निर्माण केला असेल, तर तो पहिल्याच सुनावणीत मोडून काढावा, असे ‘टी. अरिवंदंदम’ या १९७७ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले आहे, आणि प्रतिवादीचे वकील तो निकाल खिशातच बाळगतात.

वाचताना तीन जागा विशेष तपासाव्यात. प्रत्येक प्रतिवादीविरुद्ध काही ना काही तक्रार लिहिलेली आहे का. केवळ नातेवाईक आहे म्हणून कोणाला गोवलेले नाही ना. साठेखताच्या दाव्यात, आपण उरलेली रक्कम देण्यास सतत तयार होतो व आहोत, हे कथन आहे का. आणि पक्षकाराने सांगितलेली एखादी अडचणीची तारीख आपण गाळलेली नाही ना. ती गाळली तरी सातबाऱ्यावरच्या फेरफारातून किंवा बँकेच्या खातेउताऱ्यातून बाहेर येतेच.

एवढे करूनही वादपत्र नामंजूर झाले, तर तो आदेश कलम २ (२) प्रमाणे हुकूमनामा (डिक्री) मानला जातो, म्हणून त्यावर अपील करता येते. अपील न करता, नियम १३ प्रमाणे त्याच वादकारणावर नवे वादपत्रही दाखल करता येते, परंतु तेवढ्या काळात मुदत संपली नसेल तरच. हळदीच्या व्यापाऱ्याच्या बाबतीत ती तारीख ६ जानेवारी २०२६ आहे, हे वकिलाने नोव्हेंबरमध्येच आपल्या रोजनिशीत लाल शाईने लिहून ठेवावे.